डुकरिणींचे बाळारामशेठ

बाळारामशेठना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कडक इस्त्रीच्या पांढऱ्याशुभ्र शर्ट-पँटमध्ये, गळ्यात बोटभर जाडीची सोनसाखळी घालून, डुकरिणींच्या दोन रांगांमधल्या वाटेत प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले होते. दोन्ही बाजूंनी लोखंडी गजांतून ओलसर नाकपुड्या बाहेर आल्या होत्या आणि त्यांच्या शर्टाच्या बाह्या हुंगत होत्या. मी दारातच थबकले. माझं पनवेलमध्ये कुत्र्यामांजरांचं लहानसं क्लिनिक होतं आणि कॉलेज सुटल्यापासून मी डुकराला हात लावला नव्हता, तरी त्यांनी मलाच बोलावलं होतं. ते उठले नाहीत. शेजारचं रिकामं स्टूल त्यांनी पायाने माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "बसा डॉक्टरताई. त्या हुंगतील, बाकी काय करनार नाय."

पुढे ओळख वाढल्यावर मी एकदा त्यांना विचारलं, की डुकरांच्या शेडमध्ये येताना असे लग्नाचे कपडे कशाला? त्यावर त्यांनी माझ्याकडे जरा रागानेच पाहिलं. "मलके कपडे घालून आलो तर धंदाच मलका वाटंल. आदीच लोकं नावं ठेवतात." नावं ठेवतात हे खरंच होतं. गावात त्यांना 'डुकरशेठ' म्हणत, आणि हळदीच्या कार्यक्रमात बँजो थांबला, की कुणीतरी ते मोठ्याने म्हणेच. शेठ सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसत. पण त्या हसण्याची सवय त्यांना कष्टाने लागली असावी.

तळोज्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं गाव. घरची भातशेती होती, खाडीकडे मिठागरात वाटा होता. शहर वाढत आलं तसं ते सगळं त्यात गेलं आणि भावांनी आलेल्या पैशांतून इमारती उभ्या केल्या, गाड्या घेतल्या. बाळारामशेठच्या वाट्याला डोंगराकडचा एक उतार राहिला होता, त्यात भात धड पिकत नव्हतं. उरणच्या एका ख्रिस्ती मित्राच्या नादाने त्यांनी तिथे डुकरं पाळायला सुरुवात केली. त्यांच्या बायकोने, यमुनाकाकींनी, तेव्हाच दोन गोष्टी सांगून टाकल्या. घरात शिरण्याआधी बाहेरच्या नळावर अंघोळ करायची, आणि आपल्याला तिकडे कधी बोलवायचं नाही. शेठनी दोन्ही गोष्टी पाळल्या. थंडीतसुद्धा त्या नळाखाली उभे राहून अंग घासणारे शेठ मी पाहिले आहेत.

ते हळवे नव्हते, हे आधीच सांगायला हवं. पिल्लं वाढली की खाटीक येई, टेम्पो भरून जाई, आणि शेठ त्या दिवशीही पोटभर जेवत. "धंदा हाय," ते म्हणत. आणि लगेच पुढचं वाक्य येई, जे मी त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलं असेल : "पन जिता हाय तवर हाल नको."

त्या वेळी त्यांच्या गाभण डुकरिणी पिंजऱ्यांत असत. पिंजरा म्हणजे डुकरिणीच्या अंगाबरोबर बसणारी लोखंडी चौकट. तिला त्यात उभं राहता येई, बसता येई, आडवं होता येई. वळता मात्र येत नसे. गज कळंबोलीच्या लोखंड बाजारातून त्यांनी स्वतः निवडून आणले होते आणि समोर उभं राहून वेल्डिंग करून घेतलं होतं. कुठल्याशा मोठ्या फार्मवर तसं पाहून आले होते. भांडण नाही, कुणाचं खाणं कुणी खात नाही, प्रत्येकीला आपापलं. त्यांना त्या पिंजऱ्यांचा अभिमान होता. मी खांद्यावरच्या जखमांना औषध लावायला जाई, गज चावून चावून हिरड्यांतून रक्त येणाऱ्या एखादीला पाही, आणि त्यांना सांगे की हे बरं लक्षण नाही. ते ऐकून घेत. "बगू," म्हणत.

मग त्यांना हृदयविकाराचा झटका आला. ऑपरेशननंतर शुद्धीवर येताना त्यांनी नळ्या ओढल्या असतील, म्हणून अतिदक्षता विभागात काही दिवस त्यांचे हात खाटेच्या दांड्यांना बांधून ठेवले होते. घरी आल्यावर त्यांनी मला बोलावून घेतलं. मला वाटलं कुठलं जनावर आजारी असेल. ते खुर्चीत बसले होते, एकदम म्हातारे दिसत होते. पाठीला खाज सुटली होती, कुशीवर वळावंसं वाटत होतं आणि वळता येत नव्हतं, एवढंच ते सांगत राहिले. आजाराबद्दल, ऑपरेशनबद्दल अवाक्षर नाही. शेवटी म्हणाले, "मना बोलता येत व्हता, तरी कोन ऐकत नव्हता. त्यांना तर बोलताच नाय येत."

चालता यायला लागल्याबरोबर त्यांनी गज कापणारा माणूस आणला. पिंजऱ्यांच्या मागच्या बाजू कापून काढल्या, शेडमधली मधली भिंत पाडली आणि एक मोठा मोकळा कप्पा केला. तो दिवस मला स्पष्ट आठवतो. वाट मोकळी झाली तरी डुकरिणी बाहेर येईनात. शेवटी एक उलट्या पावलांनी मागे मागे येत बाहेर पडली. तिथे ती थांबली आणि मग वळली. पूर्ण वळली. परत वळली. मग ती नुसती गोल फिरत राहिली, कितीतरी वेळ. शेठ स्टुलावर बसून बघत होते आणि त्यांनी इस्त्रीच्या बाहीने डोळे पुसले ते मी न पाहिल्यासारखं केलं.

पहिले दोन-तीन दिवस मारामाऱ्या होणार हे मी त्यांना सांगून ठेवलं होतं. अनोळखी डुकरिणी एकत्र आल्या की कोण मोठी, कोण लहान हे ठरेपर्यंत भांडतात आणि मग निवळतात. तसं त्या निवळल्याही. पण फक्त एरवी. खाण्याची वेळ झाली की शेडमध्ये युद्ध पेटे.

त्याचं कारण समजायला आम्हाला फार वेळ लागला. गाभण डुकरिणीला मनसोक्त खाऊ देत नाहीत. ती फार जाड झाली तर बाळंतपणात अडते. म्हणून तिला ताकदीचं पण थोडकंच खाद्य मिळतं. तेवढं ती पाहता पाहता संपवते आणि मग उरलेला दिवस उपाशीच असते. अंगाला लागतं सगळं, पण पोट रिकामं. पिंजऱ्यात होत्या तोवर ती भूक गज चावण्यात जिरत होती. आता ती एकमेकींवर निघू लागली. त्यात शेठनी गव्हाण आखूडच ठेवली होती. सगळ्यांची तोंडं एकदम मावत नव्हती. दांडग्या चौघी-पाचजणी पुढे घुसत, रेटून खात, आणि मागच्या मागेच राहत. मागे राहिलेलीने तोंड घातलं तर तिचा कान फाटे, नाहीतर शेपटीखाली चावा बसे.

त्यांच्यात एक होती. शेठ तिला मुकी म्हणत, कारण ती इतरांसारखी कधी किंचाळत नसे. पिंजऱ्यात असताना ती चांगली अंगाने भरलेली होती. मोकळी झाल्यावर ती आटत गेली. खाण्याच्या वेळी ती भिंतीला चिकटून उभी राही आणि सगळ्या हटल्या की गव्हाण चाटायला येई. शेठ तिला बाजूला काढून खायला घालायचे, पण ते नेहमी तिथे नसत, आणि परत आत सोडलं की पुन्हा तेच. एकदा तिला कुणीतरी असं रेटलं की ती ओल्या फरशीवर पाय फाकून पडली. तिचा मागचा पाय गेला. त्यानंतर तिचा गर्भही पडला.

मी तिला वेगळ्या कप्प्यात घेऊन जमेल ते सगळं केलं. शेठ तिच्यासमोर बसून हाताने खाद्य भरवत. आता तिथे दुसरी कुणी नव्हती, तरी ती घास घेण्याआधी डावीकडे-उजवीकडे बघे. ते बघणं शेठना सहन होत नसे. एका दुपारी ती गेली. मी हात धुऊन आले तोवर ते तसेच बसलेले होते, पांढऱ्या पँटीला शेण लागलेलं. म्हणाले, "मी दार उघडला. ताटाचा इचारच नाय केला."

मी म्हटलं, तुमचा हेतू चांगला होता. त्यांनी मान हलवली. "पिंजऱ्यात ती जिती व्हती."

 

त्या दिवशी ते घरी गेले आणि नळाकडे न जाता ओट्यावर बसून राहिले. यमुनाकाकींनी आतून आवाज दिला तरी उठले नाहीत. मग काकी बाहेर आल्या, त्यांची ती दशा पाहिली आणि शेजारी बसल्या. ही हकिगत मला काकींनीच नंतर सांगितली. लग्नानंतर इतक्या वर्षांत नवरा आपल्यासमोर रडला तो त्या दिवशी पहिल्यांदा, आणि तोही एका डुकरिणीसाठी; हसावं की रडावं तेच कळेना, असं त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडवर पोचले तर काकी तिथे उभ्या होत्या. नाकाला पदर, पण उभ्या होत्या. मी त्यांना खाण्याचं सगळं गणित समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "गाभन हाय ना ती? मग एवढासा खाऊन तिना दिस कसा काढायचा?"

तिथून आम्ही तिघं कामाला लागलो. मी वाचून काढलं, ओळखीच्या प्राध्यापकांना फोन केले. ताकद न वाढवता पोट भरेल असं, चोथ्याचं खाद्य द्यायचं, हे मला त्यातून कळलं. पण ते आणायचं कुठून हे पुस्तकात नव्हतं. काकींच्या परसात केळी होत्या. घड उतरवल्यावर फेकून द्यायचे ते खांब त्यांनी कोयत्याने बारीक चिरून दिले. मग भाताचा कोंडा आला, हिरवा चारा आला, बाजारातून कोबीचा पाला येऊ लागला. पहिल्यांदा आमचं प्रमाण चुकलं आणि सगळ्यांना हगवण लागली. शेठ वैतागले, पण सोडलं नाही. हळूहळू खाद्याची पाटी मोठी होत गेली आणि खायला लागणारा वेळही.

गव्हाण वाढवली तीही एकदम जमली नाही. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब गव्हाण बांधली, सगळ्यांची तोंडं मावतील एवढी. तरी एक दांडगी डुकरीण या टोकाला चार घास खाई आणि मग सगळ्यांना ढकलत त्या टोकाला जाई. तेव्हा शेठनी डुकरिणी मोकळ्या झाल्यावर उखडून अडगळीत टाकलेले पिंजऱ्यांचे गज काढले आणि गव्हाणीवर खांद्यापर्यंत येतील असे आडोसे करून घेतले. डोकं आत घातलं की शेजारणीचं तोंड दिसत नाही. खाऊन झालं की मोकळं मागे यायचं. ज्या भित्र्या होत्या त्यांच्यासाठी शेठनी अगदी शेवटी वेगळा कप्पाच केला.

एक दिवस खाणं झाल्यावर आम्ही तिघं तिथेच उभे होतो आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, आवाजच नव्हता. डुकरिणी एकमेकींच्या अंगाला टेकून पसरल्या होत्या, एखादी उगाच गवताची काडी चघळत होती. काकींनी नाकावरचा पदर कधी काढला होता कोण जाणे. हलक्या आवाजात त्या म्हणाल्या, "पोट भरलाय त्यांचा."  शेठना आनंद झाला असणार. पण ते त्या भिंतीकडे बघत होते, जिथे मुकी चिकटून उभी राहत असे.

त्यानंतरची दोन-अडीच वर्षं त्या फार्मची सगळ्यात चांगली. मी जे डुक्करपालक भेटतील त्यांना तिथे घेऊन जाई. शेठ त्यांना सगळं दाखवत आणि शेवटी न चुकता आपली चूक सांगत, मुकीसकट. मी एकदा म्हटलं, ते कशाला सांगता? तर म्हणाले, "नुसता चांगला दाकवला तर ते पन फकस्त दारच उघडतील."

मग डोंगराच्या अलीकडे टॉवर उभे राहिले. मुंबई-पुण्याची नोकरदार माणसं राहायला आली, आयुष्यभराचं कर्ज काढून घेतलेल्या घरांत, आणि खिडकी उघडली की डुकरांचा वास. त्यांचं काय चुकलं? त्यांच्यातली काही मंडळी एकदा भेटायला आली. बोलणं सभ्य होतं. काकींनी चहा केला; कपांना कुणी हात लावला नाही. ती माणसं गेल्यावर शेठ म्हणाले, "तलोज्याच्या कारखान्यांच्या वासाला मालक नाय. माज्या वासाला हाय." तक्रारी वाढल्या, सरकारी माणसं येऊन बजावून गेली. त्यांचा मुलगा नीलेश, जो काकांबरोबर बांधकामात होता, त्याने बापाला शांतपणे समजावलं, की आज ना उद्या हे बंद होणारच, मग आपण होऊन का नको? तोही चुकीचं बोलत नव्हता. शेठचं हृदय आता साथ देत नव्हतं, फरशी धुताना त्यांना धाप लागे. ते हो म्हणाले.

पिल्लं, वाढती डुकरं नेहमीसारखी खाटकाकडे गेली. प्रश्न गाभण डुकरिणींचा होता. शेठ त्यांच्यासाठी जागा शोधत फिरले. घाटावर एक मोठा फार्म होता, मालक तरुण आणि बोलायला चांगला. आपण यांना एकत्रच ठेवू, असं त्याने शब्द देऊन सांगितलं. शेठनी त्याला खाद्य कसं कालवायचं, गव्हाण कशी हवी हे स्वतः समजावलं. ट्रक भरला त्या दिवशी काकी शेवटच्या पाट्या घेऊन आल्या होत्या. शेठ ट्रकच्या मागे रस्त्यापर्यंत चालत गेले.

काही आठवड्यांनी त्यांचा फोन आला. मला त्या बाजूला काही काम निघतंय का, असं त्यांनी आडून विचारलं. मी काम काढलं आणि त्यांना गाडीत घेऊन गेले. मालक फार्मवर नव्हता. कामगाराने आम्हाला शेड दाखवली. लांबच लांब, स्वच्छ, पंखे लावलेली. आणि पिंजऱ्यांच्या रांगा. शेठच्या डुकरिणी शेवटच्या रांगेत होत्या, आमच्याकडे पाठ करून, एकेक आपापल्या चौकटीत. कामगार म्हणाला, आधी दोन दिवस मोकळ्या ठेवल्या होत्या, पण खाताना फार मारामारी झाली.

 शेठना स्वतःलाही कळलं नसावं, त्यांच्या तोंडून ती हाक गेली. खाणं घेऊन आत शिरताना ते रोज घालत ती, लांबवलेली, घशातली.

रांगेत एकदम खळबळ उडाली. एकेक डुकरीण उठली आणि आवाजाकडे वळायला लागली. मान वळे, खांदा गजाला अडे. पुन्हा पाय रोवून दुसऱ्या बाजूने. शेडभर नुसता लोखंडाचा आवाज. एकीचीही मान मागे पोचली नाही. मी शेठचा दंड धरला आणि त्यांना बाहेर आणलं. पाठीमागे तो आवाज बराच वेळ चालू होता.

 परतताना घाट उतरेपर्यंत मीच, मालकाशी बोलते, पुन्हा समजावते, असं काहीबाही म्हणत होते. मी नंतर बोललेही. तो नीट बोलला आणि काही बदललं नाही. एक्स्प्रेसवे संपून कळंबोली आली तेव्हा शेठ काचेबाहेर बघत म्हणाले, "मी हाक मारायला नको व्हती, डॉक्टरताई. इसरल्या असत्या."

पावसाळा संपताना ते गेले. दुसरा झटका होता, घरातच. तोवर उतारावरची शेड पाडून झाली होती.

दहाव्याला मी गेले. घर माणसांनी भरलेलं होतं. यमुनाकाकींनी मला मागच्या दारी नेलं, केळींपाशी, आणि माझा हात हातात घेतला. मग म्हणाल्या, "तुमी दोगं बगून आलाव ना. हे मना सांगत व्हते, तिकडं जागा लय मोटी हाय. सगल्या एका टायमाला जेवतात, भांडन नाय, काय नाय." त्या माझ्याकडे बघत होत्या. "खरा ना?"

मी म्हटलं, "हो काकी. खरं आहे."

"मग बरा," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पदराने डोळे टिपले.